गण्यानं अंग झाडलं नाही

पारनेरच्या पठारावर एका वस्तीत नवसाचं जेवण होतं. मी आचारी. एरवी सुप्याला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये असतो, सुट्टी असली की बाहेरची जेवणं घेतो. जावळाची, नवसाची, कुणाच्या वाढदिवसाची. त्या मंगळवारी सकाळी टेम्पोत दोन मोठी पातेली, झारे, पळ्या आणि घरीच करून आणलेलं खोबऱ्याचं वाटण घालून निघालो. पौष संपत आला होता. ऊन कोवळं होतं. पुढे जे झालं त्याची कसलीही चाहूल त्या सकाळी नव्हती. हे आधीच सांगतो, कारण नंतर पुष्कळ जण म्हणाले की त्यांना सकाळपासूनच काहीतरी वाटत होतं. मला वाटलं नव्हतं. मला फक्त चूल कुठे मांडायची आणि वारा कुठून येतो एवढंच बघायचं होतं.

नवस भाऊसाहेबांचा. हा पन्नाशीला टेकलेला, कमी बोलणारा शेतकरी. त्याला एकच मुलगी, सुकन्या, नववीतली. गेल्या पावसाळ्यात तिच्या डोक्यात ताप गेला. नगरच्या दवाखान्यात ती कितीतरी दिवस डोळे न उघडता पडून होती. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा भाऊसाहेब घरी आला, गोठ्यातल्या बोकडाच्या पाठीवर हात ठेवला आणि बांधावरच्या म्हसोबाकडे तोंड करून म्हणाला, पोरगी उठून बसू दे, हा तुला दिला.

पोरगी उठून बसली.

तो बोकड म्हणजे गण्या. त्याची आई विताना मेली, म्हणून सुकन्यानंच त्याला बाटलीनं दूध पाजून मोठा केलेला. मी चुलीचे दगड लावत होतो तेव्हा तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. काळा, कपाळावर पांढरा ठिपका. मी दगड सरकवला की तो तो दगड बघायचा, मग मला बघायचा. मी आजवर शेकड्यांनी बोकड पाहिले आहेत. बोकड माणसाकडे बघतो तो त्याच्या हाताकडे, पाला आहे का म्हणून. हा तोंडाकडे बघत होता.

"मामा, त्याला कडी काढता येती," सुकन्या म्हणाली. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं. आजारानं केस गेलेले, नुकते बोटभर वाढलेले. "मी दवाखान्यातून आले ना, तवा मला चालता येत न्हवतं. ह्यो माझ्या पुढं चालायचा. मी थांबले का थांबायचा."

"हुशार हाय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"त्याला इचारलं तर सांगतो बी. हे बघा." तिनं मूठभर तुरीचा पाला धरला. "गण्या, खानार?" बोकडानं पुढचा उजवा पाय एक पाऊल पुढे टाकला. तिनं पाला त्याला दिला नाही. माझा वाटणाचा डबा उघडून त्याच्यापुढे केला. "हे खानार?" त्यानं मान वळवून तोंड बाजूला नेलं. पुन्हा पाला, पुन्हा पाय. पुन्हा डबा, पुन्हा मान बाजूला.

मी हसलो. ती हसली नाही.

"मामा," ती म्हणाली, "तुमी दादास्नी सांगा ना. दुसरा घ्या म्हनावं. बाजारात लई मिळत्यात."

मी मागे वळलो. तिचा बाप मागे उभा होता. त्याचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता.

"सुकन्ये, मी त्याच्या पाठीवर हात ठिवून बोललोय," तो म्हणाला. "दुसरा दिला तर म्हसोबा दिलेली पोर माघारी न्हेईल. माझ्याकडं एकच हाय, बाई. मी कुनाला न्हाई म्हनू?"

आमच्याकडे बोकड कापण्याआधी त्याला विचारायची रीत आहे. त्याला देवापुढे उभं करतात, हळद-कुंकू लावतात, पाठीवर पाणी ओततात आणि सगळे हात जोडून थांबतात. बोकडानं अंग झाडलं की त्यानं स्वतःला दिलं, देवानं घेतलं. झाडेपर्यंत कोयता उचलायचा नाही. पाणी पडलं की जनावर अंग झाडतंच, म्हणून सहसा फार थांबावं लागत नाही. लहानपणापासून मी हे बघत आलोय, आणि खरं सांगतो, विचारणं म्हणजे काय हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

सूर्य डोक्यावर यायच्या बेतात होता. वस्तीवरची माणसं, सोयरे, गाड्या करून आलेले पाहुणे म्हसोबापुढे जमले. बाभळीखाली शेंदूर फासलेला दगड. भाऊसाहेबानं गण्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि हात जोडले.

गण्या उभा राहिला. पाणी त्याच्या पोटावरून ओघळून मातीत गेलं.

दुसरा तांब्या ओतला. तिसरा. केस अंगाला चिकटून तो लहान दिसायला लागला. त्याच्या कातडीवर शहारासुद्धा उठला नाही. तो फक्त एकेका माणसाचं तोंड बघत होता, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आरं, थंड पानी घाला, हे ऊन झालंय," कुणीतरी म्हणालं. रांजणातलं आणलं. काही नाही. माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकू लागली. भाकरी थापणाऱ्या बायका चुली सोडून येऊन उभ्या राहिल्या.

"बोकड हाय का नवरदेव?" हा आसाराम, भाऊसाहेबाचा धाकटा चुलतभाऊ, वस्तीतला गमत्या माणूस. "रुसलाय. अंगठी पायजे त्याला."

लोक हसले. तेवढ्यात सुकन्या गर्दीतून पुढे आली आणि गण्यासमोर गुडघ्यावर बसली. गीताबाई, तिची आई, मागून हाका मारत होती.

"गण्या," ती म्हणाली, "देऊ का तुला?"

गण्यानं मान वळवली. तोंड बाजूला नेलं.

तिनं दुसऱ्या बाजूनं विचारलं. त्यानं पुन्हा मान फिरवली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुणी हसत नव्हतं.

"न्हाई म्हनतोय," ती उठून म्हणाली. "सगळ्यांनी बघितलं."

"आगं पोरी," आसाराम म्हणाला, "कोंबडीला कोन इचारतं का? मासळीला इचारतं? ह्याला निदान इचारतोय, हेच लई झालं."

"मग ऐका की, नाना! ऐकायचं न्हाई तर इचारता कशाला?"

भाऊसाहेब दगडाकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला वाटतं त्या क्षणी कुणी "राहू द्या" म्हटलं असतं तर तो राहू देणार होता. मागे जेवणाची माणसं ताटकळली होती. गीताबाईनं मुलीला दंडाला धरून घरात नेलं आणि बाहेरून कडी लावली.

मग आसारामनं तांब्या घेतला. डाव्या हातानं गण्याचं शिंग धरलं, मान वाकडी केली आणि रांजणातलं गार पाणी सरळ त्याच्या उजव्या कानात ओतलं.

बोकडानं अंग झाडलं. झाडणारच. कानापासून शेपटीपर्यंत.

"दिलं! दिलं!" आसाराम ओरडला. "म्हसोबाच्या नावानं..." आणि सगळे ओरडले.

गण्या शांत झाला आणि आसारामकडे बघत राहिला. आपण हो म्हटलेलं नाही हे त्याला ठाऊक होतं. आणि ते आम्हालाही ठाऊक आहे, हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. मी जनावराच्या डोळ्यांत इतकं काही वाचत बसणारा माणूस नाही. तरी हे लिहितो आहे.

कोयता तुषारकडे होता. तुषार आसारामचा मुलगा, लग्नाच्या वयाचा, अंगानं आडवा. त्यानं घाव घातला तेव्हा गण्यानं मान वळवून तोंड बाजूला नेलं, अगदी मघासारखं, आणि घाव मानेवर न बसता जबड्यावर बसला. हाड फुटल्याचा आवाज आला. जबडा लोंबकळत तो पायांवर उभाच राहिला, ओरडला नाही. दुसरा घाव खांद्यावर. तिसऱ्याला तो गुडघ्यांवर आला. तुषारच्या तोंडावर, डोळ्यांत रक्त उडालं होतं, तो आंधळ्यासारखा मारत होता. किती घाव घातले ते कुणी मोजलं नसेल. शेवटी आसारामनंच त्याचा हात धरला. "बास की रे. खिमा करतो का काय."

घरातून सुकन्याचा आवाज आला नाही.

मटण माझ्याकडे आलं. ताजं मटण पाटावर जरा वेळ फडफडतं, हे मला नवीन नाही. मिठाचा हात लागला की जास्तच. मी ते फोडणीला घातलं, वाटण टाकलं, उकळी आली. आणि रस्सा खदखदत असताना एकदम थांबला. जाळ तसाच होता, पण बुडबुडे थांबले, पृष्ठभाग आरशासारखा झाला. मग सगळ्या फोडी मिळून एकदा हलल्या, काठापासून काठापर्यंत, आणि पुन्हा उकळी सुरू झाली. मी लाकडं मागे ओढली. जाळ कमी झाला. थोड्या वेळानं परत तसंच. मसाल्याच्या वासाखालून भिजलेल्या केसांचा वास येत होता.

"आचारी, झालं का?" आसारामनं विचारलं.

"झालंय... पण..."

"पन काय?"

काय सांगणार होतो? माणसं पंगतीला बसली होती. मी वाढायला दिलं.

जेवणं झाली. पाहुणे एकेक करून निघाले. उन्हं कलली तेव्हा घरची माणसं, मी आणि काही शेजारी एवढेच राहिलो होतो. आसाराम बाजेवर बसून करंगळीनं कान खाजवत होता.

"कानात पानी गेल्यासारखं झालंय," तो म्हणाला. त्यानं मान तिरपी केली. उजव्या कानातून पाण्याची धार आली, चांगली ओंजळभर, आणि सदऱ्यावर सांडली.

"आंघोळ केलती का जेवताना?" शेजारी म्हणाला. "पान खानार का, आसारामभाऊ?"

आसारामनं अंग झाडलं.

माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो. हे तसं नव्हतं. त्याचे कान आधी हलले, मग मान, मग खांदे, मग लाट कमरेपर्यंत उतरत गेली आणि संपली. शेजारी मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, नक्कल करतोय.

"आनखी येक बोकड देनार का?"

पुन्हा. बाज करकरली.

"तुझी विहीर माझ्या नावावर करतो का?"

पुन्हा. आता आसारामनं बाजेचे दोन्ही बाजूंचे दांडे धरले होते. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "नगं... नगं इचारू... मी न्हाई म्हनतोय, आरं, मी न्हाईच म्हनतोय..." तोंड नाही म्हणत होतं. अंग दर प्रश्नाला झाडलं जात होतं. कानातून पाणी थांबत नव्हतं. मी त्याला सावरायला गेलो, ते हाताला लागलं तसा दचकलो. ते रांजणातल्या पाण्याइतकं गार होतं.

भाऊसाहेब उठून उभा राहिला. "कुनी काय इचारू नका," तो म्हणाला. "गप बसा सगळे."

तुषार भिंतीजवळून उठला. तो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. तोंडावरचं रक्त त्यानं धुतलं नव्हतं, ते वाळून तडकलं होतं. कोयता हातातच होता. तो बापासमोर येऊन उभा राहिला. त्याचा आवाज शांत होता, अगदी आदबीचा.

"आबा," तो म्हणाला, "देऊ का तुमाला?"

आसारामनं मान वळवली. तोंड बाजूला नेलं, जितकं नेता येईल तितकं. आणि त्याच वेळी त्याचं सगळं अंग कानापासून टाचेपर्यंत असं झाडलं गेलं की बाजेचा पाय जमिनीवरून उचलला गेला.

तुषारनं घाव घातला.

मी सगळ्यांत जवळ होतो. हातातला लांब झारा त्याच्या मनगटावर मारला. त्याला काही झालं नाही. पहिला घाव जबड्यावर बसला. आसाराम बाजेवरून उतरून उभा राहिला, ओरडला नाही, नुसता उभा राहिला आणि आमची तोंडं बघत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भाऊसाहेबानं तुषारला मागून मिठी मारली. त्यानं त्याला पोत्यासारखं बाजूला फेकलं. दुसरा घाव खांद्यावर. तिसऱ्याला आसाराम गुडघ्यांवर आला. मी तुषारच्या पायांना धरलं होतं. रक्त माझ्या पाठीवर गरम पडत होतं. तो घाई करत नव्हता. काम पुरं करेपर्यंत तो थांबला नाही.

मग तो खाली बसला. कोयता मांडीवर आडवा ठेवला.

"हे काय केलंस रं..." भाऊसाहेब म्हणाला.

"मी इचारलं की, काका," तुषार म्हणाला. "सगळ्यांनी बघितलं."

पोलीस आले, पंचनामा झाला. तुषार आत आहे. दुसरं काहीच तो बोललेला नाही, एवढंच: मी विचारलं. आमचेही जबाब घेतले. मी झालं ते सांगितलं. अधिकाऱ्यानं लिहिताना मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि एक ओळ खोडली.

माझी पातेली पंचनाम्यात अडकली होती. ती सोडल्याचा निरोप मार्चच्या शेवटी आला, म्हणून मी वस्तीवर पुन्हा गेलो.

आधी मला कळलंच नाही काय खटकतंय. गीताबाई म्हणाली, "बसा. चहा टाकते." शेजारी आला, म्हणाला, "उन्हाचं आलात. पानी घ्या." आसारामची बायको दारात दिसली, मान हलवून आत गेली. मी कुठून आलो, कसा आहे, घरचे कसे आहेत, कुणीच काही विचारत नव्हतं. एकमेकांनाही नाही. लहान मूल रडत होतं तर त्याला काय झालं हे कुणी विचारलं नाही, नुसतं उचलून घेतलं. त्या जेवणाला जे जे बसले होते त्यांच्या घरांतून प्रश्न गेले होते. मीही मग जपून बोलायला लागलो. चव मीही घेतली होती. आचाऱ्याला घ्यावीच लागते.

भाऊसाहेब खूप वाळला होता. "बकऱ्या इकल्या जात न्हाईत आता," तो म्हणाला. "यापारी येतो, दावं धरतो, मग माझ्या तोंडाकडं बघतो, भाव बी न इचारता सोडून जातो." एवढंच.

पातेली टेम्पोत चढवत असताना आभाळ काळं झालं. अवकाळी. वारा सुटला आणि बघता बघता गारांचा मारा सुरू झाला. शेळ्या माळावरून धावत आल्या, आम्ही त्यांच्याबरोबरच पत्र्याच्या गोठ्यात शिरलो. मी, भाऊसाहेब आणि सुकन्या. तिघेही चिंब. पत्र्यावर इतका आवाज होता की ओरडून बोललं तरच ऐकू येत होतं. भिजल्या केसांचा, लेंड्यांचा, ओल्या मातीचा वास कोंडला होता. थंडी हाडांत गेली.

भिजलेली शेळी आडोशाला आली की पहिलं काय करते, हे ज्यानं शेळी पाळली आहे त्याला सांगायला नको. अंग झाडते. कुत्रं झाडतं, कोंबडी झाडते, तशी.

त्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. पाठींवरून, दाढ्यांवरून, कानांच्या टोकांवरून पाणी निथळत होतं. एकीनंही अंग झाडलं नाही. करडांनीही नाही. शहारा नाही, शेपटी नाही, काही नाही. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे होती.

भाऊसाहेबाचे दात वाजायला लागले होते. त्याच्या मानेपासून कंप उतरताना मला दिसला. माझ्याही खांद्यांत तो कुठून तरी वर येत होता.

सुकन्यानं मागून बापाला दोन्ही हातांनी आवळून धरलं. आपलं कपाळ त्याच्या पाठीत रुतवलं, जसं लहान मूल धरतं तसं, पण सगळ्या ताकदीनं. तिची बोटं पांढरी झाली होती.

"अंग आवरा, दादा," ती त्याच्या पाठीआडून ओरडली. "हलू नका... मामा, तुमी बी. त्या इचारत्यात."